जोड्या लावू नका

परवा रात्री एका मित्राचा फोन आला. ऑफिसातलाच आहे. नाव सांगत नाही, उगाच त्याची शोभा नको.

"अरे, लेकीच्या वाढदिवसाला फिश टँक घेतोय. दोन फुटी. तुला त्यातलं कळतं ना? मग मासे कुठले घेऊ ते पटकन सांग. दुकानदार म्हणतोय गोल्डची एक जोडी, एंजलची एक जोडी, टायगर बार्बची एक जोडी, निऑनची जोडी, शार्कची जोडी आणि खाली साफसफाईला एक सकर. मी नेटवर कम्पॅटिबिलिटी चार्टपण बघितला. बरेचसे चौकोन हिरवे आहेत. एखाददुसरा पिवळा."

मी म्हटलं, "टाकी घेतलीस?"

"उद्या घेणार. मासेही उद्याच. परवा वाढदिवस आहे ना!"

इथे माझं डोकं फिरलं. त्याच्यावर नाही हो. तो बिचारा चार्ट तरी बघून आला होता, मी तर तेवढंही केलं नव्हतं. डोकं फिरलं ते ह्या 'जोडी' प्रकारावर. बारा वर्षांपूर्वी पेठेतल्या एका दुकानात मला हीच यादी ऐकवली गेली होती, जवळपास ह्याच क्रमाने. बारा वर्षांत फोन बदलले, भाषा बदलल्या, आमच्या कंपनीचं नाव दोनदा बदललं, पण ही यादी मात्र तश्शीच. तेव्हा आज जरा तावातावाने लिहिणार आहे. ज्यांना सौम्य वाचायचं असेल त्यांनी पुढच्या शनिवारी यावं.

तर जोडी. आपल्याकडे पाळीव काहीही आणायचं म्हटलं की जोडी. लव्हबर्ड्सची जोडी, सशांची जोडी, तशी माशांची जोडी. एकटा आणला तर कंटाळेल, दोन आणले की संसार झाला! लहानपणी परीक्षेत 'योग्य जोड्या लावा' हा हमखास पाच मार्कांचा प्रश्न असायचा, त्याचा परिणाम असावा. पण दुकानदार प्लास्टिकच्या पिशवीत दोन छोटे एंजल घालून 'ही घ्या जोडी' म्हणतो तेव्हा त्यातला नर कुठला आणि मादी कुठली हे त्यालाही माहीत नसतं. एंजल अंडी घालायला लागेपर्यंत बाहेरून ते नीट ओळखताच येत नाही. म्हणजे ती जोडी नसतेच, ते फक्त दोन मासे असतात. आणि चुकून खरोखरची जोडी लागली, तर आणखी पंचाईत. अंडी घातल्यावर ते दोघं टाकीचा निम्मा भाग अडवून बसतात आणि बाकी सगळ्यांना कोपऱ्यात हाकलतात. आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये असे दोनतीन मेंबर आहेत.

उलट निऑन टेट्रा, झेब्रा, बार्ब हे सगळे टोळीने राहणारे मासे. नदीत, ओढ्यात ते झुंडीने असतात, कारण झुंडीत असलं की आपल्याला कोणी खाण्याची शक्यता कमी. त्यातले दोनच उचलून आणले की ते घाबरून झाडाच्या मागे बसतात नाहीतर एकमेकांचा पिच्छा पुरवतात. टायगर बार्ब हे उत्तम उदाहरण. त्याला सगळे 'गुंड' म्हणतात, एंजलच्या लांब मिश्या नि गप्पीच्या शेपट्या कुरतडतो म्हणून. पण आठदहा टायगर एकत्र ठेवा, त्यांची बरीचशी दादागिरी आपापसांत भागते. (तरीही एंजल नि गप्पीपासून लांबच ठेवा. सवय ती सवय.) दोनच ठेवले, तर त्यांच्या अंगातली सगळी रग शेजाऱ्यांवर निघते. मासा तोच, फक्त आकडा बदलला. चार्टमध्ये हा आकडा कुठे असतो सांगा?

चार्टवर माझा मुख्य राग आहे तो इथे. तो चार्ट म्हणजे शुद्ध जोड्या लावा आहे. आडव्या रांगेत एक मासा, उभ्या रांगेत दुसरा, मधल्या चौकोनात हिरवा किंवा लाल. आमच्या धंद्यातल्या लोकांना हे फार आवडतं, कारण आम्हीही असंच टेस्टिंग करतो. हे मॉड्यूल त्या मॉड्यूलबरोबर चालतं? चालतं. ते तिसऱ्याबरोबर? तेही चालतं. सगळं हिरवं. मग शुक्रवारी संध्याकाळी सगळं एकत्र करून सर्व्हरवर चढवायचं, आणि रात्री दोन वाजता फोन, की सर्व्हर झोपला. का? तर मेमरी संपली. कोणाचं कोणाशी भांडण नव्हतं, पण सगळ्यांना मिळून जागा पुरत नव्हती. टाकीचं अगदी हेच. दोन माशांचं जमतं का, हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न असा, की ह्या पाण्यात, एवढ्या लिटरमध्ये, सगळे मिळून, पूर्ण वाढल्यावर, जगतील का?

हिशोब करू. दोन फूट बाय एक बाय एक म्हणजे दोन घनफूट, साधारण ५६ लिटर. त्यातून खडी वजा करा, वरची रिकामी ठेवलेली दोन बोटं वजा करा. उरलं ४५च्या आसपास. म्हणजे पाण्याचे दोन जार आणि वर थोडं. आता ह्यात काय घालायचं म्हणतायत बघा. गोल्डफिश, जो नीट वाढला तर वीतभर होतो आणि घाण करण्यात कोणाला ऐकत नाही. एंजल, जो उंचीला त्याहून कमी नाही, आणि मोठा झाला की निऑनकडे जेवण म्हणून बघतो. सकर, जो दुकानात बोटाएवढा असतो आणि पुढे दीड फुटापर्यंत जातो. आणि शार्क!

ह्या शार्कबद्दल जरा सविस्तर सांगायलाच हवं. दुकानात तीन इंची, चंदेरी, टोकदार कल्ला असलेला जो 'शार्क' मिळतो, तो शार्क नाही, मांजरमाशांपैकी आहे. मूळ गाव मेकाँग आणि चाओ फ्राया नद्या, म्हणजे थायलंड, कंबोडिया, व्हिएतनाम. पूर्ण वाढ एक मीटरच्या वर. होय, मीटर. आणि तुमची त्याच्याशी बहुधा आधीच ओळख आहे. हॉटेलात 'बासा' म्हणून जे बिनकाट्याचं पांढरं फिले मिळतं ना, त्यातला बराचसा माल ह्याच माशाचा असतो. तळ्यांमध्ये टनावारी वाढवतात. म्हणजे ज्याला शेतकरी शेततळं देतो, त्याला आपण दिवाणखान्यात दोन फुटांची काच देतो, आणि वर म्हणतो की हा बावळट सारखा काचेवर का आपटतोय!

आता माझी कहाणी. थोडक्यातच सांगतो, कारण त्यात अभिमान वाटण्यासारखं काही नाही.

मी टाकी शनिवारी दुपारी आणली आणि मासे संध्याकाळी सोडले. वर लिहिलेली सगळी यादी, एकूण अकरा. सोमवारी एक निऑन मेला, मंगळवारी दुसरा दिसेना (एंजल त्या दिवशी जरा जास्तच समाधानी वाटत होता). बुधवारी पाणी दुधासारखं झालं. मी घाबरून सगळं पाणी बदललं, नळाचं ताजं, क्लोरिनसकट. गुरुवारी दोन्ही गोल्ड गेले. पुढच्या दोन आठवड्यांत एंजल आणि टायगर. दर वेळी दुकानात जायचो, दर वेळी एक निळं औषध मिळायचं आणि वर सल्ला, "साहेब, पाणी सेट व्हायला टाईम लागतो. दोन नवीन टाका."

हे 'पाणी सेट होणं' म्हणजे काय ते मला त्या दुकानात कोणी सांगितलं नाही. ते असं. मासे अमोनिया सोडतात. अमोनिया त्यांनाच विषारी. एका जातीचे जीवाणू त्याचं नायट्राइट करतात, तेही विषारी. दुसऱ्या जातीचे जीवाणू त्याचं नायट्रेट करतात, ते बऱ्यापैकी निरुपद्रवी. हे जीवाणू फिल्टरच्या स्पंजवर, खडीवर बस्तान बसवतात आणि त्याला चार ते सहा आठवडे लागतात. तोपर्यंत टाकी म्हणजे सांडपाण्याची सोय न करता ताबा दिलेली बिल्डिंग. पुण्यात राहणाऱ्याला ह्यापेक्षा जास्त समजावून सांगायची गरज नसावी.

पण मला सगळ्यात जास्त टोचलं ते वेगळंच. प्रत्येक मासा गेला की आई म्हणायची, "जाऊ दे रे. घरावर काही यायचं असेल ते त्याने स्वतःवर घेतलं." तुमच्याही घरात हे वाक्य ऐकलं असेल. फेंगशुईच्या नावाने आठ सोनेरी आणि एक काळा मासा ठेवायची जी पद्धत आहे, तिच्या जोडीने हेही आलं. त्या काळ्याचं म्हणे कामच ते, संकट अंगावर घ्यायचं. आईला दोष देत नाही. मला वाईट वाटू नये म्हणून ती बोलत होती, आणि मला खरंच बरंही वाटायचं. पण विचार करा, किती सोयीचं आहे हे! पंचेचाळीस लिटर पाण्यात अकरा जीव मी कोंबले, ताजं क्लोरिनचं पाणी मी ओतलं, आणि मासा मेला तर तो त्याग! आमच्या क्षेत्रात सर्व्हर पडला की निदान कारण शोधून लिहावं लागतं. 'सर्व्हरने कंपनीवरचं संकट स्वतःवर घेतलं' असं लिहून बघा एकदा मॅनेजरला.

शेवटी उरले एक शार्क आणि सकर. शार्कने चार महिन्यांत काचेला धडका मारून तोंड सुजवून घेतलं आणि एका सकाळी तो टाकीबाहेर फरशीवर सापडला. सकर राहिला. तो काही केल्या मरेना. वाढत मात्र राहिला, टाकीत वळता येईना इतका. दुकानदार परत घेईना. मग एका रात्री बादलीत घालून मी त्याला विठ्ठलवाडीजवळ नेला आणि मुठेत सोडून आलो. घाटावर बसलेले एक आजोबा म्हणाले, "बरं केलंत, जीव सोडवलात. पुण्य लागेल."

पुण्य कसलं! हा सकर मूळचा दक्षिण अमेरिकेतला. अंगावर चिलखत, इथे त्याला खाणारं फारसं कोणी नाही, घाण पाणी चालतं, हवेतून श्वास घेता येतो. मुठा पुढे मुळेला मिळते, मुळा-मुठा भीमेला आणि भीमा उजनीला. उजनीच्या जलाशयात हा मासा आता पसरलाय. तिथले मच्छीमार वैतागलेत, जाळ्यात तोच येतो, काटेरी अंगाने जाळं फाडतो, आणि बाजारात त्याला विचारत कोणी नाही. माझाच सकर तिथवर पोचला असं नाही म्हणत मी. पण तिथे पहिला सकर काही विमानाने आलेला नाही. माझ्यासारख्याच कुणीतरी, कुठूनतरी, बादलीतून सोडलेला आहे.

ह्याच नदीत एकेकाळी काय होतं बघा. कर्नल साइक्स नावाचा इंग्रज अधिकारी इथे दख्खनमध्ये होता. त्याने इथल्या माशांची वर्णनं १८३९ साली प्रसिद्ध केली. महसीरची एक जात त्याने जगाला पहिल्यांदा दाखवली ती पुण्याच्या पूर्वेला, मुळा-मुठेतल्या माशावरून. तिचं शास्त्रीय नाव आजही 'खुद्री' आहे. बोटभर लांबीची एक मुरीसारखी मासळी फ्रान्सिस डेने १८७२ मध्ये पुण्यातूनच नोंदवली, नाव 'इव्हझार्डी'. नदीची आजची दशा मुख्यतः आपल्या सांडपाण्याने झालीय, सकरने नाही, हे मान्य. पण त्यात आपण वरून काय सोडतो ह्याचीही थोडी लाज बाळगायला हवी. मी बाळगतो. म्हणून हे लिहितोय.

आता नेहमीचे दोन आक्षेप. पहिला, "मासाच तर आहे. तू सुरमई खात नाहीस का?" खातो, आवडीने खातो. पण सुरमईला मी तीन आठवडे अमोनियात ठेवून, रोज बायकोमुलांना दाखवत, हळूहळू मारत नाही. आणि कायद्याचंच बोलायचं, तर १९६०चा प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याविरुद्धचा कायदा 'प्राणी' म्हणजे माणूस सोडून कुठलाही सजीव असं सांगतो. मासा त्यात आला.

दुसरा आक्षेप, "दुकानदाराचं पोट आहे, गिऱ्हाईकच तसं मागतं." हे अर्धं खरं आहे, आणि म्हणूनच मी दुकानदारापेक्षा गिऱ्हाइकावर जास्त लिहितोय. २०१७च्या मे महिन्यात केंद्र सरकारने मत्स्यालयांच्या दुकानांसाठी नियम काढले होते. गोल बाउलमध्ये मासे ठेवायला बंदी, जागेचे निकष, शिवाय मनाई केलेल्या माशांची लांबलचक यादी. ती यादी कायच्या काय होती, व्यापाऱ्यांनी ओरड केली, आणि सगळे नियम मागे घेतले गेले. यादीबरोबर बाउलची बंदीही गेली. तेव्हा सरकार येऊन तुमच्या टाकीतली गर्दी कमी करणार नाहीये. काउंटरवर उभे राहून 'नको' म्हणायचं काम आपलंच.

मग घ्यायचं काय? तेही सांगतो, नुसती टीका करून पळणाऱ्यातला मी नाही.

आधी पाणी बघा, मासा नंतर. पालिकेचं खडकवासल्याचं पाणी येत असेल तर ते तसं सौम्य, फक्त क्लोरिन घालवा. बादलीत दोन दिवस ठेवा किंवा अँटी-क्लोरिनचे थेंब टाका. तुम्ही शहराच्या कडेला नव्या सोसायटीत राहात असाल आणि टँकरचं किंवा बोअरचं पाणी असेल, तर ते बहुतेक वेळा जड असतं, गीझरच्या कॉइलवर पांढरा थर बसतो ना, तसलं. अशा पाण्यात निऑनच्या मागे लागू नका. तो ॲमेझॉनच्या मऊ पाण्यातला. तिथे गप्पी, प्लॅटी ह्यांना खरं तर जास्त आवडतं. फक्त नरच घ्या, सहासात. नाहीतर तीन महिन्यांत पिल्लं वाटत फिराल. 'गप्पी मासे पाळा, हिवताप टाळा' हे भिंतीवरचं वाक्य वाचून वाढलोय आपण, गप्पीची वाढ किती होते हे पालिकेच्या मलेरिया खात्याला विचारा.

सौम्य पाणी असेल तर माझं उत्तर एकच, झेब्रा. आठ झेब्रा. इंग्रजीत झेब्राफिश म्हणतात तोच. भारतातलाच मासा, हॅमिल्टनने १८२२ मध्ये नोंदवला. दीड इंचाचा, डिसेंबरात हीटरशिवाय चालतो, मेमधल्या गरमीतही तग धरतो. आपल्या आघारकर संशोधन संस्थेत ह्याच माशाच्या हृदयावर संशोधन चालतं, कारण जखम झालेलं हृदय तो पुन्हा वाढवू शकतो. दुकानात मात्र सगळ्यात खालच्या टाकीत, सगळ्यात स्वस्त, म्हणून कोणी बघत नाही. तळाशी पाचसहा कोरी, तेही एकाच जातीचे, आणि त्यांच्यासाठी धारदार खडीऐवजी वाळू. वरती फिरणारी एक टोळी, खाली एक टोळी. संपलं. दोन फुटी टाकी भरली. तिसरी जात नको, 'एक फायटर तर चालेल ना' नको, सकर तर नकोच नको. शेवाळ झालं तर जुनं एटीएम कार्ड घ्या आणि काच स्वतः घासा.

कोणी म्हणेल, फक्त दोन जाती? रंग कुठाय? शोभा कुठाय? अहो, आठ झेब्रा एकदम वळतात तेव्हा बघा तरी एकदा. दोन दोनच्या पाच जोड्या टाकीत असतात तेव्हा लग्नाच्या हॉलमध्ये एकमेकांना न ओळखणारी माणसं बसावी तसे ते बसलेले असतात.

असो. मित्राला मी हे सगळं फोनवर सांगितलं, ह्याच आवेशात, आणि दुसऱ्या दिवशी त्याच्याबरोबर दुकानातही गेलो. टाकी, फिल्टर, वाळू, अमोनियाचं टेस्ट किट. दुकानदार म्हणाला, "आणि मासे?" मित्र म्हणाला, "दीड महिन्यानी. आठ झेब्रा." दुकानदाराने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी त्याचं गिऱ्हाईक पळवतोय. "आठ? आठही झेब्रा? सर, मुलीचा वाढदिवस आहे म्हणालात ना?"

वाढदिवस रिकाम्या टाकीवरच झाला. लेक आधी रडली म्हणे. मग बापाने तिला जीवाणूंचं सांगितलं, आणि रोज चिमूटभर खाणं पाण्यात टाकून ते कुजू द्यायचं काम तिच्याकडे दिलं. आता दर रविवारी ती टेस्ट किटचा रंग बघून भिंतीवरच्या कॅलेंडरवर आकडा लिहिते. काल मी गेलो होतो. टाकीत वाळू, दोन झाडं आणि फिल्टरचे बुडबुडे. शेजारच्या वहिनी वाकून वाकून मासे शोधत होत्या. ती त्यांना म्हणाली, "मासे नाहीयेत काकू. सध्या आमच्याकडे बॅक्टेरिया आहेत."